शेवंतीचे पांढरे अंथरूण

ज्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात गुरांच्या छावण्या पडल्या, त्या बहात्तर सालच्या दुष्काळात घोड्याखाली गव्हाचे काड अंथरणे हा गुन्हा नसला, तरी गुन्ह्यासारखाच दिसू लागला होता. रुद्रप्पा बिराजदारांचा टांग्यांचा तबेला स्टेशनच्या रस्त्याला लागून होता. दार उघडे असले की येणाऱ्या-जाणाऱ्याला नऊच्या नऊ घोड्यांची ठाणे दिसत. एके सकाळी वळसंगकडून चालत आलेली एक बाई दारात थबकली. घोड्यांच्या पायांखालच्या पिवळ्या काडाकडे तिने डोळे भरून पाहिले आणि ती म्हणाली, "आमच्या बैलाच्या तोंडाला न्हाय त्ये तुमच्या घोड्याच्या बुडाखाली हाय की वो!"

तबेल्याच्या देखरेखीला असलेले शिवयोगी म्हमाणे तेव्हा तिथेच उभे होते. घोडा उभ्याने झोपत असला तरी त्याला दिवसातून काही काळ आडवे व्हावेच लागते, खाली टणक फरशी असेल तर त्याचे ढोपर सोलते, ओल असेल तर खूर सडतो, हे त्या बाईला समजेल अशा शब्दांत सांगण्यासाठी त्यांनी मनाशी वाक्य जुळवायला घेतले. ते पुरे होण्याआधीच घोड्यांची निगा राखणारा साईस लालसाब कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेला, स्वच्छ काडाचा कवळाभर भारा त्याने उचलला आणि बाईच्या पदरात टाकला.

"घिऊन जा, मावशी. एक दीस तर निघंल."

बाईने लालसाबच्या तोंडावरून हात उतरवून कडाकडा बोटे मोडली. काड मालकाचे, ते बार्शीच्या बाजारातून निवडून आणण्याची अक्कल शिवयोगींची, आणि आशीर्वाद लालसाबला! अशी गोष्ट त्या तबेल्यात पाच वर्षे रोज घडत होती. शिवयोगींच्या खेरीज तिचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

शिवयोगी मूळचे बार्शीचे. मॅट्रिकला इंग्रजी आणि शास्त्र या दोन्ही विषयांत ते शाळेत पहिले आले होते. गुरांच्या दवाखान्यात त्यांना ड्रेसरची नोकरी लागली. चार वर्षांनी वरची जागा रिकामी झाली, ती त्यांच्यामागून आलेल्या माणसाला मिळाली. शिवयोगींनी त्यावर सात पानांचा तक्रारअर्ज केला. त्या अर्जातली भाषा इतकी निर्दोष होती की साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर शिवयोगींना नोकरीवरून कमी केले. तेव्हापासून, म्हणजे गेली बारा वर्षे, ते रुद्रप्पांकडे होते. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. त्या हाकेत मान किती आणि थट्टा किती, हे त्यांना कधी ठरवता आले नाही. त्यांच्यापाशी अश्वसंगोपनावरचे एक कापडी बांधणीचे जुने पुस्तक होते. ते पुस्तक उघडून त्यांनी या तबेल्यातल्या घोड्यांचे पाणी, दाणा, नाल आणि अंथरूण यांची शिस्त बसवली होती.

आणि मग, पाच वर्षांपूर्वी, लालसाब आला. वळसंगचा, अंगठाबहाद्दर, वय शिवयोगींहून दहा वर्षांनी कमी. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी चावरी म्हणून बदनाम असलेली तांबडी घोडी त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. शिवयोगींना तिने तोवर तीनदा चावले होते.

त्या बाईच्या शब्दांनंतर मात्र रुद्रप्पांनी काड अंथरणे बंद केले. "लोक काय म्हणतील, मास्तर? माघात धाकट्याचं लग्न आहे घरात. दुष्काळात कुणाची हाय नको." त्यांनी स्वतःच्या मित्राच्या लाकडाच्या वखारीतून पोतीच्या पोती भुसा आणवला. भुसा ओलसर निघाला. घोड्यांच्या मुतात तो भिजला, खुरांच्या पोकळीत चिकटून बसला आणि महिनाभरात शेवंतीच्या मागच्या उजव्या पायाला वास येऊ लागला. खुराच्या तळव्यात मधोमध जो मऊ, त्रिकोणी भाग असतो, ज्याला पुतळी म्हणतात, तो काळा पडून सुटत चालला होता.

शेवंती ही त्या तबेल्याची शान. पांढरीशुभ्र, उंच मानेची. शहरातले निम्मे नवरदेव तिच्यावरून मिरवलेले. माघात रुद्रप्पांच्या धाकट्या मुलाची वरात तिच्यावरूनच निघायची होती. लंगड्या घोडीवर मुलाला बसवणे म्हणजे साऱ्या भावकीत हसे.

रुद्रप्पांनी दोघांनाही समोर उभे केले.

"एन्री मास्तर? काय रे लालसाब? भुसा चुकला, माझी चूक. आता तुम्ही सांगा, घोड्याखाली काय टाकायचं? लग्नानंतर मी आडतीच्या दुकानात बसणार, इकडं रोज यायला जमायचं नाही. ज्याच्या अंथरुणावर शेवंतीचा खूर बरा होईल, त्याच्या हातात तबेल्याची किल्ली."

शिवयोगींच्या कानांत ते वाक्य घंटेसारखे वाजले. बारा वर्षे! बारा वर्षांत किल्ली मालकाच्या कमरेची सुटली नव्हती.

लालसाबने डोके खाजवले. "मालक, माझा बा लीद टाकायचा."

"काय टाकायचा?"

"लीद की. घोड्याचीच. पत्र्यावर चार दीस कडक उनात वाळवायची, हातानं कुस्करायची, चाळायची. वरनं कडूलिंबाचा पाला. ओल शोषून घेती, वास न्हाय काय न्हाय. औंदा पानी न्हाय, पर ऊन तर फुकट हाय की."

शिवयोगी हसले. हे हसू त्यांनी थोडे लांबवलेही. "मालक, ज्या घाणीने खूर सडतो तीच घाण खुराखाली घालायची? मग घोड्याला धुवायचे तरी कशाला?"

"वल्ली लीद सडवती, मास्तर. वाळली की ती घाण न्हाय ऱ्हात," लालसाब म्हणाला. त्याच्या सुरात वाद नव्हता. तो नसे, हेच शिवयोगींना सोसत नसे. भांडणारा माणूस निदान आपल्याला बरोबरीचा तरी मानतो.

आपल्याकडे उत्तर नाही, हे शिवयोगींना मालकापुढे कबूल करता येणार नव्हते. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि गाव पालथा घातला. तेलाच्या घाण्यांवर शेंगांची टरफले होती, पण ती तिथल्या भट्टीलाच पुरत नव्हती. उसाचे पाचट छावण्यांत गेले होते. सीना नदीची वाळू स्वच्छ खरी. पण सांडलेल्या दाण्याबरोबर घोडा वाळू खातो आणि ती पोटात साठते, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी थकून ते शहराच्या पूर्व भागात नरसय्या नावाच्या ओळखीच्या विणकराच्या ओट्यावर टेकले, आणि तिथे त्यांच्या पायाशी उत्तर पडलेले दिसले. मागावरून कापून टाकलेल्या सुताच्या बुचक्यांचा, म्हणजे झुपक्यांचा, पांढराशुभ्र, कोरडा, कुरकुरीत, भिंतीच्या उंचीचा ढीग.

"ह्याचं काय करता, नरसय्या?"

"काय करनार, मास्तर? थोडं यंत्र पुसायला जातंय. बाकी पडून. खळीचं सूत हाय, कडक असतंय. पायजे का तुमाला?"

खळ म्हणजे पिठाची पेज. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून ते तिच्यात भिजवून वाळवतात. हे सोलापुरात वाढलेल्या पोरालाही ठाऊक असते. शिवयोगींच्या शास्त्राने त्यातून एवढाच अर्थ काढला की पीठ ओल शोषून घेते, म्हणजे खळीचे सूत साध्या सुताहून चांगले. खळीला चव असते, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या गादीवर उभी असलेली पांढरी घोडी होती आणि बाजूला, हातात लिदीची पाटी घेतलेला, खाली मान घातलेला लालसाब होता. खरे सांगायचे तर घोडीपेक्षा तो त्यांना अधिक स्पष्ट दिसत होता.

रुद्रप्पांनी मूठभर सूत हातात घेऊन दाबले, नाकाला लावले आणि ते खूश झाले. "शिकलेल्या माणसाचं हे असं असतं, बघ लालसाब! शेवंती मास्तरांच्या अंथरुणावर. बाकीच्या आठांना तुझी लीद टाक."

बारा वर्षांतले ते पहिले शाबासकीचे वाक्य. त्या दिवशी शिवयोगींनी घरी जाताना महादेवीसाठी, म्हणजे बायकोसाठी, गजरा नेला. महादेवीने तो माळला आणि ती म्हणाली, "बरं झालं बाई. लालसाबभाऊंनापण सांगितलं का? परवा आपल्या न्हाणीचं दार त्यांनीच येऊन बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत."

"मी घरी असताना का आला नाही तो?"

"अहो, तुम्ही असताना दार मोडकंच होतं की वर्षभर!"

शिवयोगी जेवले नाहीत.

शेवंती नव्या अंथरुणावर खरोखरच देखणी दिसू लागली. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत. लालसाबही आला, कमरेवर हात ठेवून त्याने डोळे भरून पाहिले.

"लई झ्याक दिसतंय, मास्तर. देव्हाऱ्यात ठिवल्यागत." मग म्हणाला, "पर रातच्याला मुसकं बांधाया पायजे. पिठाचं सूत हाय. चाटत चाटत खाईल ती."

शिवयोगी मनातून सुखावले. अखेर! पाच वर्षांत प्रथमच हा माणूस जळला, असे त्यांना वाटले. त्यांनी मूठभर सूत उचलून शेवंतीच्या नाकापुढे धरले. तिने हुंगले आणि तोंड फिरवले.

"पाहिलेस? ह्याला प्रयोग म्हणतात."

"आत्ताच तोबरा काढलाय तिचा, मास्तर. पोट भरलेलं हाय."

"तुला माझे अंथरूण बघवत नाही, असे सरळ सांग ना."

 लालसाब त्यांच्याकडे असा पाहत राहिला, जणू त्यांनी परक्या भाषेत काही विचारले होते. मात्र संध्याकाळी दाणा झाल्यावर त्याने सुतळीचे मुसके आणून शेवंतीच्या तोंडाला बांधले. रोज संध्याकाळी तो ते बांधी आणि रोज सकाळी सोडी. शिवयोगी ते पाहत, आणि ते मुसके आपल्याच तोंडाला बांधले जात आहे असे त्यांना वाटे. तरी चार दिवस त्यांनी ते चालू दिले, कारण खुराचा वास खरोखर कमी झाला होता आणि किल्ली आता हाताच्या अंतरावर होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी रुद्रप्पा आपल्या होणाऱ्या व्याह्यांना घोडी दाखवायला घेऊन आले. व्याही जाडजूड, बोलके गृहस्थ होते.

"अहो, ह्या घोडीचं तोंड का बांधलंय? चावते की काय? आमच्या जावयाला खाईल!"

"न्हाय जी," लालसाब म्हणाला, "चावत न्हाय. खालचं सूत खाती म्हनून बांधलंय."

"सूत खाते?" व्याह्यांचे पोट हसून हलू लागले. "मग बिराजदार, तुमची घोडी चादर विणून देईल की! आहेराचा खर्च वाचला!"

रुद्रप्पा हसले. टांगेवाले हसले. लालसाबही, सगळे हसतात म्हणून, हसला. शिवयोगी हसले नाहीत. मंडळी गेली, टांगेवाले पांगले, लालसाब पाणी आणायला हौदाकडे गेला. दिवेलागणीची वेळ होती. शिवयोगी शेवंतीजवळ गेले, त्यांनी मुसक्याची गाठ सोडली, ते गुंडाळून गव्हाणीच्या मागे टाकले आणि शेवंतीच्या ठाणाचे अर्धे दार लावून घेतले. दार लागलेले पाहून लालसाबला वाटले असावे की मास्तरांनी सगळे आवरले. त्याने पुन्हा पाहिले नाही. शिवयोगींच्या कामावर तो नेहमीच विश्वास ठेवी, आणि हेदेखील शिवयोगींना तोवर ठाऊक नव्हते.

सकाळी ते आले तेव्हा शेवंती अंगणात होती. तिचे अंग घामाने काळवंडले होते, ती वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहत होती आणि मधूनच पुढचे पाय दुमडून खाली बसू पाहत होती. लालसाब तिला बसू देत नव्हता. एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने आयाळ धरून तो तिला गोल गोल चालवत होता. ठाणातले पांढरे अंथरूण मधोमध उघडे पडले होते. खालची फरशी दिसत होती.

गुरांचे डॉक्टर छावणीवर गेलेले. ते येईपर्यंत दुपार होणार होती. लालसाबने हिंग-ओव्याचे पाणी पाजले, तेल पाजले. नंतर तो चालतच राहिला. ऊन चढले तरी तो चालत होता. शेवंती खाली कोसळायला लागली की तो तिच्या मानेखाली खांदा देई आणि दक्खिनीत काहीतरी पुटपुटे. शिवयोगी हौदाच्या कठड्याला धरून उभे होते. या वेळी करायचे काय, ते त्यांच्या पुस्तकात चार ओळींत दिले होते आणि लालसाब नेमके तेच करत होता. घोडी मरेल ही भीती त्यांना होती. पण त्या भीतीच्या पोटात दुसरी एक गोष्ट दडून बसली होती, आणि ती होती मत्सराची: शेवंती वाचलीच, तर लालसाबमुळे वाचेल.

डॉक्टरांनी येऊन सुई दिली. तिसऱ्या प्रहरी शेवंतीने लीद टाकली. त्यात मुठीएवढा सुताचा गोळा होता. लालसाब तिथेच मातीत बसला आणि त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

रुद्रप्पांनी तो गोळा काठीने उलटसुलट केला. त्यांचा आवाज खाली आला होता. तो तसा आला की तबेल्यात कोणी खोकतही नसे.

"मुसकं कुणी काढलं?"

शिवयोगींनी तोंड उघडले. 

"म्या," लालसाब बसल्या जागेवरून म्हणाला. "पानी पाजताना काढलं आन् बांधायचं इसरलो, मालक."

रुद्रप्पांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग सुस्कारा टाकून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माणूस आहेस रे. होतं. सकाळपासून पाण्याचा घोट नाही तुझ्या पोटात. जा, खाऊन घे."

एवढेच. घोडी मरता मरता वाचली आणि शिक्षा झाली ती भाकरी खाण्याची!

मालक आत गेल्यावर शिवयोगी लालसाबजवळ आले. "तू खोटे का बोललास?"

लालसाबने पायांतला काटा काढावा इतक्या सहजपणे उत्तर दिले. "तुमची नोकरी गेली असती की, मास्तर. मला कोन काढतंय?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता. शिवयोगींनी तो शोधला. सुतासारखा पिंजून शोधला. तो असता तर त्यांनी लालसाबला त्या दिवशी क्षमा केली असती. त्यात फक्त खरे होते: याच्या हातून घोडी मेली असती तरी याला क्षमा होती, आणि त्यांच्या हातून बारा वर्षांत काही बिघडले नाही, तरी ती त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. घोड्यांचा लळा त्याचा, रस्त्यावरच्या बाईचा आशीर्वाद त्याचा, न्हाणीचे दार त्याचे. आणि आता चूक तेवढी शिवयोगींची स्वतःची, निखळ स्वतःची उरली होती, तीही त्याने उचलून स्वतःच्या नावावर करून घेतली!

ते तरातरा आत गेले. रुद्रप्पा बैठकीवर डोळे मिटून बसले होते.

"मालक, माझी तक्रार आहे."

"आज नको हो, मास्तर."

"आजच. लालसाब आपल्याशी खोटे बोलला आहे. मुसके त्याने काढले नाही. मी काढले. काल संध्याकाळी, स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून. गव्हाणीमागे पडले असेल, पाहून घ्यावे. नोकराने मालकाशी असत्य बोलणे हा या तबेल्यात गुन्हा आहे की नाही, एवढे मला सांगावे."

रुद्रप्पांनी डोळे उघडले.  शिवयोगी ताठ उभे होते. उद्या नोकरी गेली तरी चालेल, पण ही एक गोष्ट लालसाबकडून काढून घेतली, या समाधानाने त्यांचे कान तापले होते.

मग रुद्रप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. "अब्बब्बा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे तुम्हांला वाचवायला त्यानं अंगावर घेतलं? काय माणूस आहे हो हा! आणि आपण त्याला साईस म्हणतो." मग काहीतरी आठवल्यासारखे त्यांनी पुढे जोडले, "तुम्हीसुद्धा खरं सांगितलंत, बरं केलंत. काम करा आपलं."

शिवयोगींची नोकरी गेली नाही. लालसाबच्या थोरवीला साक्षीदार म्हणून ती राहिली, असे त्यांचे मत झाले आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही. मालकाने ती हकिकत व्याह्यांना सांगितली, व्याह्यांनी साऱ्या भावकीला सांगितली. महादेवीच्या कानावर ती पाणवठ्यावर आली. तिने घरी येऊन नवऱ्याला नुसते ताट वाढले.

सूत नरसय्याकडे परत गेले. शेवंतीच्या ठाणात वीतभर लीद पडली. पिवळसर, हलकी, सुक्या गवताच्या चुऱ्यासारखी, वर लिंबाचा पाला. पंधरा दिवसांत पुतळी भरून आली आणि माघात नवरदेव तिच्यावरून दिमाखात मिरवला. वरात परत आली तेव्हा रुद्रप्पांनी सर्वांसमोर तबेल्याची किल्ली लालसाबच्या करगोट्याला अडकवली. शिवयोगींनी टाळ्या वाजवल्या. त्या किती वाजवायच्या याचेही त्यांनी भान ठेवले. कमी पडल्या तर लोकांच्या लक्षात आले असते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, बार्शीच्या बाजारात काडाचे ढीग लागले. पण तबेल्यात पुन्हा काड आले नाही. अंथरूण तपासण्याचे काम तेवढे शिवयोगींकडे राहिले. सकाळी लालसाब दार उघडून देई आणि "या मास्तर," म्हणून बाजूला होई. शिवयोगी एकेका ठाणात वाकत, मनगटापर्यंत हात लिदीत खुपसत आणि बोटे फिरवून ओल शोधत. शेवंतीच्या ठाणात ते सर्वांत जास्त वेळ घेत. मग हात बाहेर काढून नाकाशी नेत. हात कोरडा असे. त्याला उन्हाखेरीज कसलाही वास नसे. ते धोतराला हात पुसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.